लांजेवारांची विलायती

आमच्या स्ट्रीटवरच्या लांजेवारांच्या गाडीत बसायचं असेल तर चपला हातात घ्याव्या लागत. देवळात त्या निदान बाहेर ठेवता येतात. इथे तेही नाही, कारण गाडी मागे घेताना चाक चपलेवरून गेलं तर टायरला त्रास होतो, असं त्यांचं म्हणणं.

लांजेवार मूळचे भंडाऱ्याकडचे, इथल्या पोलाद कारखान्यात रोलिंग मिलच्या मेंटेनन्समध्ये फोरमन. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन जबलपूरला. क्वार्टरमध्ये ते आणि गाडी. गाडी विलायती, सहा सिलिंडरची, लांब नाकाची, गर्द हिरवी. एका जमीनदाराच्या गोठ्यात ती त्यांना सापडली तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. मिळाले ते पार्ट त्यांनी आणले, नाही मिळाले ते घरी घासून केले. वर्षातून एकदा ती सगळी खोलून तिचं ‘कॅपिटल रिपेअर’ निघे. तेव्हा स्टिअरिंगला प्लांटमधल्यासारखी लाल पाटी लटके: ‘शटडाउन. हात लावू नये.’ लावणारे तेच, वाचणारेही तेच.

भोपाळहून बदलून आलेल्या एका तरुण साहेबाने एकदा विचारलं, “ॲव्हरेज किती देते हो?”

लांजेवारांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. “वाघाले कोनी इचारते का साहेब, दूध किती देते म्हणून?”

वेगाचा काटा एकशे चाळीस मैलांपर्यंत जाणारा, पण टाउनशिपमध्ये लांजेवार तिसाच्या वर जात नसत. “किती पयते ते तिले मालूम आहे, मले मालूम आहे. बाकीच्यायले कावून दाखवू?”

उणीव एकच. गाडी सेल्फने सुरू होत नसे. दर रविवारी सकाळी ती ढकलायला अख्खी स्ट्रीट जमे. डावीकडे कोण, उजवीकडे कोण, मागे कोण, हे मी नेमून दिलं होतं. त्याआधी सगळे एकाच बाजूने जोर लावत आणि गाडी शेजारच्या घोषबाबूंच्या गुलाबांत शिरे. इंजिन गरजलं की खिडक्यांच्या काचा थरथरत, आणि ते आम्हीच बनवल्यासारखे आम्ही ताठ उभे राहत असू. दोघातिघांना उतई गावापर्यंत चक्कर, मग लांजेवारांच्या अंगणात सगळ्यांना तर्री-पोहे.

मला अर्धवट काम खपत नाही. त्यांच्या वाढदिवसाला आम्ही सगळ्यांनी मिळून सुपेल्याच्या बाजारातून नवी बॅटरी आणून दिली. ती दोन्ही हातांत धरून ते गाडीकडे न जाता सरळ स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं, आनंदाने सुचत नसेल.

पुढच्या रविवारी गाडी एका झटक्यात सुरू झाली. आम्ही आपापल्या फाटकातून हात हलवले आणि आत गेलो. रविवारची कामं होतीच. दुपारी त्यांची वाटी परत करायला गेले तर पोह्यांची मोठी कढई तशीच झाकलेली, आणि लांजेवार पुसलेली गाडी पुन्हा पुसत होते.

“थोडे घेऊन जाता का वैनी? अंदाज चुकला.”

त्यापुढच्या रविवारी ते सकाळीच दारात आले. “सेल्फ घेऊन नाही राहिली. विलायती आहे ना, इथली बॅटरी तिले मानवत नाही.”

दुकानदाराशी भांडायच्या तयारीने मी आधी त्यांच्या अंगणात गेले. लांजेवार आत कांदे चिरत होते. मी गाडीचे दिवे लावून पाहिले, लख्ख लागले. बॉनेट उघडलं. बॅटरी ठणठणीत होती. सेल्फकडे जाणारी वायर तेवढी सोडवून बाजूला ठेवलेली, तिच्या टोकाला स्वच्छ फडकं गुंडाळलेलं, वर दोऱ्याची सुबक गाठ. बिघाड करतानाही माणसाने मेंटेनन्स सोडला नव्हता.

मी बॉनेट हलकेच लावलं आणि फाटकाशी येऊन घोषबाबूंना हाक मारली. ते चहा घेत होते.

“फिर से? बैटरी तो नया था, भाभीजी.”

“सूट नहीं हुआ उसको,” मी म्हटलं. “आप बाएँ तरफ़ रहिए. और सबको बुला लीजिए.”