सिल्व्हर नायट्रेटचं मतदान

सिल्व्हर नायट्रेटचा थेंब कातडीवर पडतो तेव्हा काहीच दिसत नाही. उजेड लागला की तो हळूहळू काळा पडतो आणि मग साबणाला दाद देत नाही. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नुकत्याच कामाला लागलेल्या धाकटीच्या डाव्या तर्जनीवर, नेमका नखाच्या मुळाशी, असा थेंब मतदानाच्या आदल्या दिवशी पडला.

मतदानाच्या दिवशी सकाळी फिरून आलेल्या बाबांना चहा देताना तो डाग दिसला. आठवडाभर ते मत देणार ना म्हणून विचारत होते आणि ती "बघू" म्हणत होती. आता ती मतदानाची शाईच समजून ते इतके हरखले की खरं सांगायला तिची जीभ रेटेना. कोणाला दिलंस, यावर तिने मतदान गुप्त असतं असं सांगितलं, तर त्या समजूतदारपणाचं कौतुक शेजारच्या काकूंपर्यंत पोचलं. काकू तिला आपल्या लोळणाऱ्या लेकाला चार शब्द सुनावायला घेऊन गेल्या.

लेकाने पांघरुणातूनच विचारलं, "उभं कोण कोण आहे?"

धाकटीने तीन नावं ठोकून दिली. त्यातलं एक टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतलं निघालं.

ओशाळून ती घरी मोबाइल घेऊन बसली आणि उमेदवारांची आश्वासनं वाचू लागली. ज्याचं पारडं जड मानलं जात होतं, त्याने शहराचं खारं पाणी मोठ्या कढयांत उकळून गोडं करायचं वचन दिलं होतं. उकळलं की पाणी उडून जातं आणि उरलेलं आणखी खारं होतं. तिने ते दोनदा वाचलं, पायात चपला सरकवल्या आणि तडक मतदान केंद्र गाठलं.

तिथल्या अधिकारी बाईंनी बोट पाहिलं. "झालंय की तुमचं."

तिने डागामागचं रसायनशास्त्र समजावलं. रांग खुदखुदली. यादीत मात्र तिच्या नावापुढे खूण नव्हती. बाई बुचकळ्यात पडल्या. हिला ओळखणारं कोणी आहे का, असं त्यांनी विचारलं. रांगेच्या टोकाला नुकतेच येऊन उभे राहिलेले बाबा छाती काढून पुढे आले.

"माझी मुलगी. आमच्या सगळ्यांच्या आधी मत देऊन मोकळी झाली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आता काय म्हणणं आहे?"

धाकटीने बाबांकडे पाहिलं. "बाबा, तो डाग कामावरचा आहे. द्यायचं की नाही, तेच माझं ठरत नव्हतं. आता ठरलंय. मला मत द्यायचंय."