जायचं अर्धं, यायचं अर्धं

औषध पोचवण्यात ग्यानोबा कंडक्टरचा हात धरणारा माणूस अख्ख्या अहमदपूर डेपोत नव्हता! चौतीस वर्षं त्यानं अहमदपूर-नांदेड गाडीवर काढली. नांदेडहून परतताना कुणाच्या आईचं दम्याचं, कुणाच्या लेकराचं खोकल्याचं औषध त्याच्या खाकी खिशात असायचंच. माळाकोळीला, लोह्याला माणूस वाट बघत उभा असायचा आणि ग्यानोबा दारातूनच बाटली हातात द्यायचा. एवढ्या वर्षांत एक बाटली फुटली नाही की एक थेंब सांडला नाही.

"खड्ड्याखुड्ड्यातून औषध न्हेलं मी! हितं तर टोपणापासून तोंडापर्यंत वीतभर अंतर हाय. तू बिनघोर हापिसात जा, ज्योत्स्ना!" सोमवारी सकाळी त्यानं सुनेला छातीठोकपणे सांगून टाकलं.

तोंड होतं नात लुंबिनीचं. वय पावणेतीन वर्षं. कान दुखून ताप आलेला आणि डॉक्टरांनी पाच दिवसांचं गुलाबी औषध दिलेलं. सकाळचं-रात्रीचं आई देणार, दुपारचं टोपण आबांकडं. मुलगा आनंदराज नोकरीसाठी किल्लारीला, तो शनिवारीच उगवायचा; म्हणून तर रिटायर झालेला ग्यानोबा बायको चांगुणाबाईंना घेऊन अहमदपूरहून इथं नातीला सांभाळायला आलेला.

"मामा, डोस चुकवू नका बरं. कान बरा न्हाई झाला तर सुई टोचावी लागंल म्हणलेत डॉक्टर," चपला घालता घालता ज्योत्स्ना म्हणाली.

"दुसऱ्याला काय पाजता? आधी आपली बीपीची गोळी घ्या!" आतून चांगुणाबाई कडाडल्या. "आठ दिवस झाले, पाकिटाला हात न्हाई!"

"मला काय झालंय?" म्हणत ग्यानोबानं टीव्हीचा आवाज वाढवला.

दुपार झाली. ग्यानोबानं टोपण भरलं. लुंबिनी पलंगाखाली! पलंगाखालून काढली, तर ओठ असे मिटलेले की जणू शिवून टाकलेत. चिऊ झाली, काऊ झाला, शिऱ्यात लपवून झालं. तिनं शिरा खाल्ला आणि औषधाचा घास बरोबर बाजूला काढला! शेवटी चांगुणाबाईंनी हात धरले, ग्यानोबानं टोपण तोंडात रिकामं केलं आणि "गिळलं! गिळलं!" म्हणून ओरडला. तेवढ्यात सगळं गुलाबी औषध फुर्रकन त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर आलं.

संध्याकाळी ज्योत्स्नानं सदरा बघितला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं!

"राहू द्या मामा. चौकातल्या पाळणाघराचा फॉर्म आणलाय मी. एक तारखेपासून तिथं ठिवू. तिथल्या बाई औषधबिषध बरोबर पाजतात. तुमाला बी दगदग न्हाई."

दगदग नाही म्हणजे काय, ते ग्यानोबाला नेमकं कळलं. लुंबिनी पाळणाघरात गेली की आपण दोघं अहमदपूरला. सकाळी उठायचं, अंगणात बसायचं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या मोजायच्या! 

मंगळवारी त्यानं ट्रंक उघडली. तिकिटं फाडायची पद्धत गेली, मशीन आलं, तेव्हा डेपोतल्या पोरांनी त्याला तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच आठवण म्हणून दिला होता. त्यानं तो हातात घेऊन दोनदा दाबला. कट्‌ कट्‌! लगेच सगळी गाडी डोळ्यांपुढं आली. पहाटेची थंडी, टपावर टोपल्या, नांदेडला शिकायला ठेवलेल्या पोरांसाठी आयांनी त्याच्या हवाली केलेले गरम डबे. "ओ कंडक्टर, पोराला म्हणा, सगळं खा म्हणावं!" तो निरोपही द्यायचा. लई दिवसांनी ग्यानोबाला स्वतःचाच हेवा वाटला.

त्यानं हॉलमध्ये चार खुर्च्या एकामागं एक लावल्या. जुन्या लग्नपत्रिकेची तिकिटं कापली. लुंबिनीच्या तीनचाकीची घंटी काढून कमरेला बांधली.

"चला, नांदेऽऽड! लोहा, सोनखेड, नांदेऽऽड! तिकीट घेतल्याबिगर गाडी हलणार न्हाई! औषध प्यायचं, तिकीट घ्यायचं!"

लुंबिनी पलंगाखालून आपणहून बाहेर आली. खुर्चीवर चढली. आ केला. औषध आत, पंच कट्‌ कट्‌, घंटी टण टण! गाडी सुटली. ग्यानोबा नांदेड येईपर्यंत उभ्यानंच डुलत राहिला.

बुधवारी चांगुणाबाईंनाही गाडीत बसायची हौस आली.

"मला अर्धं द्या! बायांना अर्धंच असतंय आता!" त्यांनी लटक्या तोऱ्यात सांगितलं आणि मागच्या खुर्चीवर बसल्या.

लुंबिनीनं हे नीट ऐकलं. टोपण अर्धं झालं आणि तिनं तोंड मिटलं.

"मला बी अल्धं!"

"अगं, आजी मजाक करून राहिली!"

"मी बाई हाय! अल्धं!"

ग्यानोबानं बायकोकडं असं बघितलं की त्या पुढच्या स्टॉपवर उतरल्याच! पण चौतीस वर्षांचा अनुभव काय फुकट जातो?

"हाव बाई, अर्धं. पण परत यायचं हाय का न्हाई? जायचं अर्धं, यायचं अर्धं!"

लुंबिनीनं विचार केला. परत तर यायचंच होतं. उरलेलं अर्धंही प्याली.

गुरुवारी मात्र घात झाला. गाडी उभी, टोपण भरलेलं, लुंबिनीनं आ केलेला, आणि शेजारच्या सरजाबाई विरजण मागायला दारात!

"जयभीम कंडक्टरसाहेब! आणि हे हो काय? एवढुशा लेकराला कशाचं तिकीट मागून राहिले? पाच वर्षांखाली फुकट असतंय की!"

लुंबिनीनं तोंड मिटलं.

"मला फुकत!"

"न्हाई न्हाई, ह्या गाडीला..."

"फुकत! फुकत! फुकत!"

सरजाबाई विरजण घेऊन पसार झाल्या. ग्यानोबा टोपण हातात धरून मधल्या वाटेत उभा! नियम खरा होता. जन्मभर हाच नियम तो लोकांना शिकवत आलेला. त्याला माळाकोळीची एक बाई आठवली. काखेत गाठोडं, हाताला पोरगं. "चारच वर्षांचं हाय ओ, हाडापेरानं थोराड दिसतंय!" ग्यानोबानं पोरालाच विचारलं होतं, "किती वर्षांचा रे?" पोरगं ऐटीत म्हणालं, "सहा!" सगळी गाडी खो खो हसली. त्या माउलीनं मान खाली घालून पदराची गाठ सोडली. रूल म्हणजे रूल, म्हणून ग्यानोबानं तिकीट फाडलं होतं. आज त्याला स्वतःचीच फार लाज वाटली. तिनं सहाचे चार केले, त्यात काय एवढं! आपल्याला तर पावणेतीनाचे वाढवायचे होते. पण त्या पोराच्या ऐटीवरूनच त्याला वाट सापडली.

तो खाली वाकला. "लुंबिनी, तू बारकी हायस का मोठी?"

"मोथी!"

"लई मोठी?"

"लई मोथी!"

"किती वर्षांची?"

लुंबिनीनं दोन्ही हातांची बोटं पसरली. तिच्याजवळ त्याहून मोठा आकडा नव्हता. "धा!"

"धा? मग फुकट कसं? धा वर्षांला तर अर्धं लागतंय!"

लुंबिनी फसली. पण आता मोठेपण सोडवेना! "जायचं अल्धं, यायचं अल्धं," असं स्वतःच म्हणत तिनं सगळं टोपण रिकामं केलं. ग्यानोबानं पंच दाबला आणि मनातल्या मनात त्या माळाकोळीच्या बाईला हात जोडले.

शुक्रवारी ज्योत्स्ना अर्धी रजा टाकून दुपारीच आली. लुंबिनी मोरीत पाणी उडवत होती. ताप नाही, कानदुखी नाही. बाटलीत फक्त रात्रीचं एक टोपण उरलेलं. हॉलमध्ये अजून खुर्च्यांची गाडी उभी. ज्योत्स्नानं पर्समधून फॉर्म काढला आणि टरकन फाडला.

"मामा, मागून कोरा हाय हा कागद. तिकिटं कापायला घ्या."

 डोळे पुसायला ग्यानोबानं चष्मा काढला.

"पण एक सांगा," ज्योत्स्नानं फ्रिजवरचं पाकीट उचललं, "ही बीपीची गोळी एक बी कमी झालेली न्हाई, असं कसं?"

ग्यानोबा टीव्हीच्या रिमोटकडं सरकला. तेवढ्यात गळ्यात आईची पर्स, हातात पंच घेऊन नवी कंडक्टर पुढ्यात उभी! "आबा, तिकीत!"

"आमाला फुकट असतंय बाळा. पंच्याहत्तरच्या वर फुकट!"

"किती वल्षांचे?"

चौतीस वर्षं लोकांची वयं पकडणारा ग्यानोबा कंडक्टर डोळ्याला डोळा न देता म्हणाला, "शहात्तर!"

"अडुसष्ट!" स्वयंपाकघरातून चांगुणाबाईंची आरोळी आली. "ते बी पुरे न्हाईत अजून!"

"बरं मग, म्हाताऱ्याला अर्धं तर बसतंय की!" ग्यानोबानं शेवटची धडपड केली. "अर्धी गोळी द्या!"

लुंबिनीनं पंच वर धरला.

"जायचं अल्धं," ती म्हणाली, "यायचं अल्धं!"

ग्यानोबानं मुकाट्यानं अख्खी गोळी गिळली. टण टण!