रोपे उपटणारे देवरे साहेब

आमच्या विमानतळाचे पर्यावरण अधिकारी देवरे साहेब रोज सकाळी उघड्या जीपमध्ये उभे राहून पक्ष्यांना शिव्या देतात. पक्षी हुसकावण्यासाठी जीपवर भोंगा बसवलेला आहे, त्यातून ससाण्याचा आवाज काढण्याची सोयही आहे; परंतु देवरे साहेबांचा यंत्रावर विश्वास नाही. धावपट्टीकडेच्या गवतात टिटव्या दिसल्या की ते जीप थांबवतात, दोन्ही हात वर करतात आणि सटाण्याकडच्या आपल्या अहिराणीत गरजतात, "आठे काय शे तुन्हं?" इथे तुझे काय आहे, असा त्याचा अर्थ. टिटव्या उडतात. काचेआडून पाहणाऱ्या प्रवाशांना वाटते, कोणीतरी विमानाशी भांडतो आहे.

हा प्रश्न पक्ष्यांपुरता नाही. उरलेली मिसळ कुंपणाशी ओतणाऱ्या कँटीनवाल्याला तो विचारला जातो, आणि पर्यावरणदिनाचा प्लास्टिकचा फलक टांगणाऱ्यालाही. बाहेर गाडी सुरू ठेवून थंड हवा खात बसलेला चालक दिसला, की साहेब खिडकीशी जाऊन एवढेच म्हणतात, "किल्ली." चालक निमूटपणे इंजिन बंद करतो. न केल्यास साहेबांचा हात आत जातो.

"एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या कोळशावर दिवे लावायचे अन् दारावर पाटी काय, तर हरित विमानतळ. लाज?" हा शेवटचा शब्द ते नुसता समोर ठेवतात आणि उत्तराची वाट पाहतात. बैठकीत सगळे आपापले कागद चाळू लागतात.

त्यांच्याही चुका होतात. छतावर सौर पॅनेल बसवायचे ठरले, तेव्हा वैमानिकांच्या डोळ्यांवर तिरीप येईल म्हणून त्यांनी कित्येक बैठका उधळल्या. तिरीप आली नाही. साहेबांनी माफी मागितली नाही. मात्र पॅनेल धुणारा माणूस आला नाही की आता ते स्वतः शिडी चढतात आणि पाणी जास्त सांडले म्हणून स्वतःवरच ओरडतात.

विमानतळाचा हरित आराखडा ज्या सल्लागार कचेरीने केला, तिथे मी नोकरी करतो. माझे आडनाव वाघ. मी हळू बोलतो आणि पन्नाशी उलटेपर्यंत त्यालाच सभ्यता समजत आलो.

"आडनाव वाघ अन् आवाज मांजरीचा," देवरे साहेब पहिल्याच भेटीत म्हणाले. "लय गोड बोलता तुम्ही. गोड बोलणाऱ्याला मी भितो."

आराखड्यात मी कुंपणालगत देशी झाडांची रांग घातली होती. उंबर, जांभूळ, वड. आमच्या प्रत्येक आराखड्यात ही तीन नावे असतात, मग जागा शाळेची असो वा कारखान्याची. ती वाचून समित्यांची मने भरून येतात. देवरे साहेबांनी नकाशावर बोट ठेवले.

"उंबर पिकला की कोण येतं, वाघ साहेब?"

"पक्षी."

"अन् पक्ष्यांच्या वाटेत?"

मी नकाशावरची धावपट्टी पाहिली.

"विमान येतं. एक घार इंजिनात गेली, की आतली सगळी माणसं देवाचं नाव घ्यायला लागतात. अन् घारीचं काय होतं, ते धावपट्टीवरून मी उचलतो. तुम्ही नाय. इथं फळाचं झाड नको."

मी कचेरीत येऊन वरिष्ठांना सांगितले. रोपांची गाडी निघाली होती, पाहुण्यांची तारीख मिळाली होती, कोनशिलेवर अक्षरे कोरून झाली होती. मी हरकत घेतली. परंतु इतक्या हळू आवाजात की ती कोणाला ऐकूच गेली नसावी. मीही ती पुन्हा घेतली नाही.

समारंभ थाटात झाला. मंडप होता, पर्यावरण वाचवा असे सांगणारा प्लास्टिकचा फलक होता, पाहुण्यांपुढे प्लास्टिकच्या बाटल्या होत्या. पाहुण्यांनी उंबराला झारीने पाणी घातले, टाळ्या झाल्या, आणि देवरे साहेब पुढे झाले. वाकले, मातीच्या गड्ड्यासकट उंबर अलगद उपटला आणि काखेत धरला. मग जांभळाकडे वळले.

"अहो देवरे, हे काय?" पाहुणे म्हणाले.

"आठे काय शे यान्हं?" साहेब म्हणाले आणि वडाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आले, की पर्यावरण अधिकाऱ्यानेच झाडे उपटली. बातमीतला शब्दन्‌शब्द खरा होता, त्यामुळे खुलासा कशाचा करावा हेच कोणाला समजेना. चौकशी समिती बसली; आराखडा आमचा, म्हणून मलाही बोलावले. निलंबनाचा आदेश तयार होता, सही तेवढी बाकी होती. साहेबांना बाजू मांडायला सांगितले, तेव्हा ते वातानुकूलन यंत्राकडे पाहत म्हणाले, "बाहेर एवढी थंडी अन् आत एसी. लाज?" अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. ते सहीसाठी पेन शोधू लागले, तेव्हा शेजारच्याने शिष्टाचार म्हणून मला विचारले, "सल्लागारांचे काही म्हणणे?"

मला राग आला. इतकी वर्षे मी तो दुसऱ्यांच्या घरची वस्तू समजत होतो, म्हणून प्रथम ओळखू आला नाही. त्या गारठलेल्या खोलीचा राग आला, कोनशिलेचा आला, कोणत्याही जागेला चालणाऱ्या त्या तीन नावांचा आला. आणि सर्वांत जास्त माझ्या गोड आवाजाचा आला.

"ती रांग माझी आहे आणि ती चूक आहे," मी म्हणालो. "यांनी मला आधीच सांगितले होते. रोपे तिथे वाढली असती तर पक्षी मेले असते आणि एखाद्या दिवशी माणसेही. उपटायचे काम माझे होते. ते यांना करावे लागले."

आवाज चढला असावा, कारण अध्यक्षांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. बराच खल झाला. अखेर देवरे साहेबांना समज देऊन सोडायचे ठरले आणि आराखडा दुरुस्तीसाठी माझ्याकडे परत आला. निर्णयाची वाट न पाहता साहेब केव्हाच निघून गेले होते. फोन ते उचलत नाहीत. म्हणून संध्याकाळी मीच दिंडोरीच्या बाजूला, विमानतळापासून खूप लांब असलेल्या त्यांच्या घरी गेलो.

फाटकाशी गाडी उभी केली. आतून आवाज आला, "किल्ली." तो ओरडण्याचा नव्हता. मी इंजिन बंद केले.

अंगणात उंबर, जांभूळ, वड ओळीने लावलेले होते. माती अजून ओली होती. त्यांच्यामागे मोठी झाडे होती. विमानतळाच्या हद्दीतून आजवर काढलेले प्रत्येक फळझाड साहेबांनी इथे आणून जगवले होते. झाडांखाली पाण्याचा मातीचा परळ होता आणि परळासमोर एक खुर्ची. माझ्यासाठी दुसरी आणायला साहेब आत गेले आणि तसेच रिकाम्या हाताने परतले. घरात दुसरी खुर्ची नव्हती. मी पायरीवर बसलो.

"तुमची नोकरी राहिली," मी म्हणालो. "सही झाली नाही."

"हळू बोला, वाघ साहेब," ते कुजबुजले. "तुमच्यानं ती बिचकते."

वरच्या फांदीवर एक बुलबुल खाली यावे की न यावे अशा विचारात बसली होती.

"दिवसभर हाकलतो," साहेब म्हणाले. "संध्याकाळी तरी कोणी..."

वाक्य त्यांनी पुरे केले नाही. खुर्ची थोडी मागे घेतली, हात मांडीवर ठेवले आणि धावपट्टीवर मी कधीच न ऐकलेल्या आवाजात ते फांदीकडे पाहत म्हणाले, "ये वं माय, बठ."