परचुरे सरांचे आयन

"हात काढा तिथून! माझे आयन चढावर आहेत!"

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत वायरमननं जिन्याखालच्या मेन स्विचला हात लावला, की दुसऱ्या मजल्यावरून ही आरोळी येई. पाठोपाठ बनियनवरच परचुरे सर. रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि माझे शेजारी.

सरांच्या प्रयोगशाळेत ना काचेची नळी, ना कसला वास. होता फक्त एक कॉम्प्युटर. आयन म्हणजे विद्युतभार असलेला कण. तो वायूत एखाद्या रेणूला भिडला की कुठला बंध आधी तुटतो, वाटेत ऊर्जेचा केवढा चढ लागतो, याचं गणित ते यंत्र आठवडेच्या आठवडे करत बसे. त्या दिवसांत सोसायटीतली मुलं कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला चालली होती. सरांकडे कॉम्प्युटर घरात राहिला आणि मुलगी, मुक्ता, तेवढी गेली.

"पण हे सगळं वायूतच का? पाण्यात का नाही?" मी एकदा विचारलं.

"वहिनी, पाण्यात आयनाभोवती पाण्याचीच गर्दी. मांडवातला नवरदेव खरा कसा आहे, कळतं का कुणाला? वायूत तो एकटा सापडतो."

"मग काय करतो?"

"अविचार," सर म्हणाले आणि पुन्हा पडद्याकडे वळले.

सरांच्या पत्नी, सुधाताई, जाऊन वर्ष झालं होतं. दर रविवारी मुक्ताचा फोन येई, "बाबा, नातीला बघायला या ना." सरांचं उत्तर ठरलेलं, "गणित चालू आहे. मध्येच सोडता येत नाही." मला त्या गणिताचा मनापासून राग यायचा.

एका दुपारी गल्लीतली वीज गेली. यूपीएसही थोडा वेळ चिरचिरून गप्प झाला. मी धावत गेले. सर शांतपणे शेंगा सोलत बसले होते.

"सर, गणित गेलं हो!"

"ते केव्हाच संपलंय. तेच पुन्हा लावतो."

"मग मुक्ताकडे का जात नाही?"

सरांनी हातातली शेंग खाली ठेवली. "जाणं जमेल हो. परत येऊन या दाराचं कुलूप उघडणं नाही जमायचं."

"किल्ली माझ्याकडे ठेवा," मी म्हटलं. "याल तेव्हा दार उघडं असेल. गॅसवर चहा असेल."

सर चष्मा पुसत म्हणाले, "आलं घालू नका. मला चालत नाही."