अंधारस्तंभ

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. वर्षभर मी चांगल्या, शुद्ध मजकुरात मुद्दाम चुका घालत होतो. आणि त्या सापडल्या की "वा, काका!" असं वर तोंड करून म्हणतही होतो.

हे काका म्हणजे आमच्या समोरच्या दारातले परब काका. मुलुंड पूर्व, तिसरा मजला. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली आणि निवृत्त झाले ते फक्त पगारातून. सोसायटीच्या फळ्यावर 'उद्या पाणि येणार नाही' अशी सूचना लागली, तेव्हा अख्खी बिल्डिंग बादल्या भरत होती आणि काका सेक्रेटरीच्या दारात उभे.

"पाणि म्हणजे हात. उद्या हात येणार नाही असं लिहिलंय तुम्ही."

"काका, मी टँकर सांगू की व्याकरण बघू?"

"टँकर सांगा ना. पण आधी दुसरी वेलांटी द्या."

पहिल्या मजल्यावरच्या साळव्यांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी आहेराच्या पाकिटात नोटेबरोबर लग्नपत्रिकाही परत केली, लाल शाईने दुरुस्त करून. साळवी चिडले. काका शांतपणे म्हणाले, "धाकटी आहे ना अजून? तिच्या वेळी उपयोगी पडेल."

घराचा हप्ता जड जायला लागला तेव्हा काकांनीच मला या धंद्याला लावलं. नोकरी सांभाळून घरबसल्या प्रुफं तपासायची. त्यांच्या ओळखीचे छापखानेवाले मला फाइल पाठवत. मी स्क्रीनवर दुरुस्त्या करायचो आणि कागदावर छापून काकांना द्यायचो. वाटा देऊ केला तर म्हणाले, "माका पैशे नको रे, वाचूक दी." मग बोट अक्षराअक्षरावर ठेवून वाचन चाले. चूक सापडली की पॅसेज ओलांडून आरोळी यायची, "गावलो!" हाताखाली डास मेल्यावर माणसाला होतो, तसा तो आनंद.

एकदा माझ्या हातून घोटाळा झाला. मी सगळ्या चुका आधीच काढल्या. काकांनी शेवटचं पान उलटलं, पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

"काय रे, एक पण नाय?"

"नाही वाटतं."

"मग माझी काय गरज?"

पुढचं काम त्यांनी मागितलंच नाही. काकी गावी, कणकवलीकडे राहतात. दर रविवारी त्यांचा फोन येतो, आणि दर रविवारी काका सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगतात, "येव कसो? कामा आसत." त्या रविवारी ते नुसतंच "बघू" म्हणाले.

पुढच्या कामापासून मी चुका घालायला लागलो.

चूक घालणं हे चूक काढण्यापेक्षा अवघड आहे. फार ढोबळ घातली तर काकांचा अपमान, फार बारीक घातली तर छळ. पण मी त्यात तयार झालो. काका पुन्हा गरजायला लागले. काकींना पुन्हा "कामा आसत" ऐकू यायला लागलं.

मग विक्रोळीच्या एका पतपेढीची स्मरणिका आली. काका प्रत्येक काम दोनदा वाचतात. पहिलं वाचन झालं, त्यांच्या खुणांप्रमाणे मी दुरुस्त्या केल्या आणि दुसऱ्या वाचनासाठी फाइलमध्ये नव्या चुका पेरून ठेवल्या. अध्यक्षांच्या फोटोखाली 'संस्थेचे आधारस्तंभ' असं होतं. मी काना काढून डोक्यावर टिंब दिलं. अंधारस्तंभ. खरं सांगतो, मी स्वतःवर खूश होतो. काका खुर्चीतून पडतील इतके हसतील, असं वाटत होतं.

दुसऱ्या वाचनाचे कागद छापून काढायच्या आधीच, मी ऑफिसात असताना छापखान्याचा फोन. "साहेब, मशीन रिकामं उभं आहे, आत्ताच्या आत्ता पाठवा." मी घाईघाईत पेरलेल्या चुका आठवून आठवून काढल्या. एक सोडून.

स्मरणिका वाटली गेली. ज्यांची कर्जं नामंजूर झाली होती, त्या सभासदांनी ती जपून ठेवली म्हणतात.

काकांनी ते पान कितीतरी वेळ डोळ्यांजवळ धरलं. "हो शब्द माझ्या नजरेखालसून गेलो?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "जाऊ द्या ना, काका." त्याचा अर्थ 'हो' असाच होतो.

दोन दिवसांनी अध्यक्षांचा फोन आला. मी शिव्या खायच्या तयारीत. ते हसतच होते. "अहो, तुमचे ते म्हातारे गृहस्थ येऊन गेले. भर उन्हात, बसने. म्हणाले, चूक माझी आहे, पोराचं काम काढून घेऊ नका, त्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे. आता काय बोलणार? पुढचा अहवालही तुम्हीच बघा."

मी "बरं" म्हटलं.

काका मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, या वयात असे डोळे बघायला मिळत नाहीत. दुसऱ्या कोणी पेढे वाटले असते. काका घरी येऊन चपला न काढता बसून राहिले.

"डोळे बरे आसत, झिला. म्हणजे डोक्यातच काय तरी झाला."

त्यानंतर त्यांनी एकही कागद हातात घेतलेला नाही. परवाच्या रविवारी काकींना ते हळू आवाजात म्हणाले, "येतंय. कामा संपली." शनिवारचं तिकीट काढलंय. सामान खाली उतरवायला येशील ना, असं त्यांनी मला विचारलं, आणि तेवढं मात्र मी लगेच कबूल केलं.

मला त्यांना सांगायचंय की तो शब्द त्यांच्यासमोर आलाच नव्हता. त्यांचं वाचन झाल्यावर मी तो घातला. त्यांचे डोळे शाबूत आहेत आणि डोकंही. पण एवढं सांगितलं की वर्षभरातलं बाकीचंही सांगावं लागेल, आणि त्यांच्या आरोळ्यांतल्या खऱ्या किती नि मी पेरलेल्या किती, हे माझं मलाच आता नीट सांगता येणार नाही. तरीही हे सांगणं मी त्यांचं देणं लागतो. शनिवारच्या आत. अजून सांगितलेलं नाही.