सातव्या लेखिकेची संमती

ज्याच्यावर संशोधन होतं त्याला बोलू दिल्याशिवाय ज्ञान पूर्ण होत नाही. जागतिक आरोग्य संशोधनाला हे अलीकडेच उमगलं, आणि उमगल्याबरोबर समिती नेमली गेली. संशोधनातला वसाहतवाद तीन वर्षांत हटवायचा, असं तिचं वेळापत्रक आहे. (वसाहतवादाला यायला बराच जास्त वेळ लागला होता, कार्यक्षमता वाढली आहे.)

माझी आई क्षयरोगाच्या दवाखान्यात परिचारिका होती. कोणी गोळ्या घेतल्या, कोणी सोडल्या, हे एकोणीस वर्षं ती घरोघर फिरून वहीत लिहीत होती. त्या वह्यांवर परदेशी विद्यापीठात नऊ शोधनिबंध झाले. दहाव्याला नियमाप्रमाणे स्थानिक लेखक लागला, तेव्हा सातांपैकी सातवं नाव आईचं पडलं. स्थानिक सहभाग एका दमात शून्यावरून चौदा टक्क्यांवर गेला.

मसुद्यात आईने एकच वाक्य खोडलं: ‘अज्ञानामुळे स्त्रिया उपचार अर्धवट सोडतात.’ समासात लिहिलं, ‘दवाखाना चारला बंद होतो. बायका कारखान्यातून सहाला सुटतात.’ तिने ही दुरुस्ती तीनदा पाठवली. तिन्ही वेळा आभार आले. चौथ्यांदा पाठवायच्या आधी आई गेली. (हृदयविकाराने. क्षय नव्हता ना, अशी निबंधाच्या समन्वयकांनी आस्थेने चौकशी केली. असता तर प्रस्तावनेत घेता आलं असतं.)

निधन ही स्थानिक लेखकाच्या बाबतीत अडचण नाही. व्हिसा लागत नाही, दुभाषी लागत नाही, समास कोरा राहतो. संमतिपत्र वारसाने भरायचं. त्यात दोन चौकटी असतात: ‘मान्य’ आणि ‘पूर्णपणे मान्य’.

समन्वयकांचा फोन आला.

“ताई, तेवढी सही पाठवा. नाहीतर नाव काढावं लागेल.”

“आणि तिचं वाक्य?”

“सिस्टरांच्या भावनांचा आभारात उल्लेख केलाय ना.”

तिच्या कपाटात एकोणीस वर्षांच्या वह्या होत्या, आणि त्यांतल्या एकीवरही तिचं नाव नव्हतं. मी सही केली. (साध्या ‘मान्य’वर. हा माझा निषेध.)

निबंध आता सर्वांना मोफत वाचता येतो. तुम्हीही वाचाल. आईच्या नावापुढच्या, लेखक हयात नसल्याच्या काळ्या खुणेपाशी थबकाल, तळटीप वाचून हळहळाल, आणि त्याच हळव्या मनाने पुढे सरकाल. बायकांच्या अज्ञानाचं वाक्य तिथून चौथ्या ओळीत आहे. तिथे तुम्ही मान डोलवाल. एकोणीस वर्षं घरोघर फिरलेली, इथलीच बाई सांगते आहे, खरंच असणार.