हिंदुरावमामा आणि माझा पंखा

आमच्या गल्लीत घंटागाडी आली की लोक कचरा टाकायला बाहेर पडतात आणि हिंदुरावमामा कचरा आणायला. गाडीचं गाणं कोपऱ्यावर वाजलं रे वाजलं, की मामा लुंगी खोचून हजर. कुणाच्या बादलीत काय आहे, ते बादलीच्या मालकाआधी त्यांना दिसतं. बंद पडलेला मिक्सर असो की मुठीविना छत्री, मामा ती वस्तू उचलतात, उलटीपालटी करतात, कानाशी नेऊन हलवतात आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतात, "टाकू नगासा! ह्यात अजून जीव हाय की!"

टाकणाऱ्याला उगाचच आपण खून करायला निघालो होतो असं वाटतं.

मामा एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराचाच कारखाना केला. अंगणावरचं छप्पर म्हणजे एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. तुम्ही खाली चहा प्यायला बसलात, की वरून हात जोडलेला तो हसरा माणूस थेट तुमच्या कपात बघत असतो. उरलेल्या फ्लेक्सच्या मामांनी पिशव्या शिवल्या आणि घरोघर फुकट वाटल्या. माझ्या वाट्याला मिशीचा भाग आला. मंडईत भाजीवाली म्हणाली, "सर, सायबांची मिशी जरा फाकवा, वांगी टाकते."

शिरोळच्या मेहुण्याकडून त्यांनी ट्रॅक्टरचा जुना टायर आणला आणि त्याची खुर्ची केली. बसायला एकदम ऐसपैस. माणसाला त्यातून उठायचंही असतं, एवढं मात्र मामांच्या लक्षात आलं नव्हतं. माझे सासरे कौतुकानं बसले ते आत गेलेच. वर फक्त टोपी आणि गुडघे. मी आणि मामांनी एकेक हात धरून ओढलं, तेव्हा कुठं बाहेर आले. मामा खूश. "पावण्यास्नी उठूच वाटंना. खुर्ची झ्याक झालीया!" सासरे आता आमच्याकडं आले की त्या अंगणाकडं बघतसुद्धा नाहीत.

या कारखान्यात विरोधी पक्ष एकच, आक्काताईमामी. मामींची भाकरी आणि मामींचं तोंड, दोन्ही गल्लीत प्रसिद्ध. सकाळी परातीत भाकरी थापता थापता त्या नवऱ्याचा उद्धार करायच्या, "अवो, घर हाय का भंगारवाल्याचं दुकान?" बांगड्या वाजायच्या, भाकरी फिरायची, मामा मान खाली घालून गालात हसत बसायचे. भाकरीचा वास सुटला की मी काहीतरी निमित्त काढून तिथं टपकायचो.

दिवाळीनंतर मामींना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, उजवा हात लुळाच राहिला. स्वयंपाकाला बाई लागली आणि मामी स्वयंपाकघराकडं पाठ करून बसायला लागल्या. भांडेनात. मामांनी मुद्दाम एक गंजकं पिंप आणून दारात आडवं टाकलं, तरी भांडेनात. एका सकाळी घंटागाडी दारात थांबली, तेव्हा त्या मामांना अगदी शांतपणे म्हणाल्या, "मलाबी घाला आता त्या गाडीत."

मी माझ्या दारातच उभा होतो. मामांनी त्या दिवशी काहीच उचललं नाही. रिकाम्या हातांनी घरात गेले. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मामा पीठ घेऊन परसात बसायला लागले. मामांचं डोकं फिरलं, असं गल्लीनं ठरवून टाकलं. मी डोकावलो तर सायकलच्या चाकावर परात बसवलेली. मामांनी ती गरकन फिरवली आणि पिठाचा गोळा माझ्या शर्टावर आला.

"भाकरीला दोन हात लागत्यात, सर," शर्टावरचं पीठ खरवडून परत परातीत घेत मामा म्हणाले. "एक थापाय, एक फिरवाय. फिरवायचं काम यंत्रानं केलं की झालं. तिला परातीम्होरं बसवल्याबिगर ऱ्हात न्हाय मी."

पण चाक डगडगायचं. मग कुठल्याशा मिक्सरचा तळ झाला, गाडीच्या चाकातला ड्रम झाला. एक अडकायचं, दुसरं खडखडायचं. मामा वैतागले होते.

मे महिन्यात आमच्या घराचं रंगकाम काढलं. हॉलमधला पंखा उतरवून व्हरांड्यात ठेवला होता, तो गायब झाला. चोर शोधायची गरजच नव्हती. मी तणतणत मामांच्या परसात गेलो. माझ्या पंख्याची पाती भिंतीला टेकवलेली, मधला गोल भाग शिलाई मशीनच्या लोखंडी पायांवर पक्का बसवलेला आणि त्यावर परात.

"मामा, हा चालू पंखा होता!"

"म्हणूनच की, सर." मामांनी नजर वर केली नाही. "लई भंगार लावून बघितलं. पर तिच्यासाठनं मोडका माल नगो वाटला."

त्यांनी परातीत दुधाच्या पिशवीचा प्लॅस्टिक कागद अंथरला, त्यावर पिठाचा गोळा ठेवला आणि मोठा आवाज करत थापायला सुरुवात केली. थापलं म्हणजे काय, बडवलं. एकीकडं जाड, दुसरीकडं भोक.

मागच्या दारातून आवाज आला, "अवो, भाकरी हाय का शेणी?"

मामांनी मला डोळा मारला आणि आणखी वाईट थापायला लागले.

"सरका बाजूला!" मामी भिंतीला धरत आल्या, स्टुलावर बसल्या. डावा हात परातीत टेकला. जराशा रेट्यानं परात फिरली, अगदी हलकी. मामींनी हात झटकन मागं घेतला. मामांकडं बघितलं. मग परत टेकला.

परात फिरत राहिली, भाकरी मोठी होत गेली. कागदासकट भाकरी उचलून मामी ती आत तव्याकडं घेऊन गेल्या. मामा मदतीला उठले, तर "बसा हितंच" म्हणाल्या.

भाकरी आली ती एका बाजूला करपलेली, कडेला फाटलेली. मी सवयीनं अर्धी मागितली.

"आज न्हाय मिळायची, सर," असं म्हणून मामा माझ्याकडं पाठ करून बसले आणि कोरडीच भाकरी खायला लागले. खांदे हलत होते.

आतून मामींनी विचारलं, "दुसरी थापू का?"

मामांच्या तोंडात घास होता. त्यांनी जोरजोरात मान हलवली. आता भिंतीपलीकडच्या बाईला ती मान कशी दिसणार?

मग मीच ओरडलो, "व्हय म्हणत्यात, मामी!"